बोटीवरील बार्बेक्यू: निवड, बसवणी आणि वापर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुढील उत्तरे साधारणपणे सात ते पंधरा मीटर लांबीच्या, केबिन असलेल्या शिडाच्या किंवा इंजिनाच्या बोटी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. मुंबई बंदरात किंवा गोव्यात बोट बाळगणारे, आणि ग्रीस, क्रोएशिया किंवा ऑस्ट्रेलिया येथे सुट्टीत आठवडाभर बोट भाड्याने घेणारे, असे दोन्ही प्रकारचे वाचक येथे गृहीत धरले आहेत. कोणता बार्बेक्यू अधिक चांगला भाजतो, हा प्रश्न बोटीवर दुसऱ्या क्रमांकाचा आहे. गळलेला गॅस, उडालेली ठिणगी आणि ठिबकलेली चरबी कोठे जाईल, हे आधी ठरवावे लागते.

घराच्या गच्चीवर वापरतो तोच बार्बेक्यू बोटीवर नेला तर चालत नाही का?

बहुतेक वेळा चालत नाही. गच्चीवरील बार्बेक्यू पायांवर किंवा चाकांवर उभा असतो आणि त्याचे वजन वरच्या बाजूला एकवटलेले असते. शेजारून एखादी लाँच वेगाने गेली तरी तिच्या लाटेने बोट कलते आणि तापलेली शेगडी निखाऱ्यांसह आडवी होऊ शकते. बोटीसाठी बनवलेल्या बार्बेक्यूचे झाकण बिजागरीने जोडलेले व खटक्याने बंद होणारे असते, जाळी जागच्या जागी अडकवलेली असते, चरबी गोळा करणारी तबकडी सरकून पडत नाही, आणि संपूर्ण भांडे कठड्याला किंवा भक्कम खांबाला पकडीने घट्ट बसवता येते. ज्वालेभोवतीची वाऱ्याची आडही अधिक काळजीपूर्वक केलेली असते, कारण ज्योत विझली आणि गॅस चालूच राहिला, तर त्याचे परिणाम गच्चीपेक्षा बोटीवर फार वेगळे होतात.

गंमत अशी की, आज जगभर बागांमध्ये दिसणारा गोल झाकणाचा कोळशाचा बार्बेक्यू मुळात समुद्राशीच नाते सांगतो. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी 1952 मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या पोलादी गोळ्याचे दोन भाग घेऊन तो तयार केला होता. तरीही त्याचे तीन पाय पाहता तो जमिनीवरच राहिलेला बरा.

गॅस, कोळसा आणि वीज यांपैकी काय निवडावे?

ज्यांना एकच उत्तर हवे आहे त्यांनी मागच्या कठड्याच्या बाहेर टांगता येणारा, स्टेनलेस स्टीलचा लहान गॅस बार्बेक्यू घ्यावा. तो काही मिनिटांत तापतो, आच कमी-जास्त करता येते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वारा वाढला किंवा नांगर सरकू लागला, तर एक खटका फिरवून ताबडतोब बंद करता येतो. कोळशाला ही सोय नाही. निखारे एकदा फुलले की ते विझेपर्यंत बोटीवरील एका माणसाचे लक्ष तिकडेच गुंतून राहते.

कोळशाची चव निराळी असते, हे मान्य करूनही बोटीवर त्याचे तोटे जास्त आहेत. ठिणग्या उडतात आणि शिडाचे पॉलिस्टर कापड, नायलॉनचे दोर, उन्हासाठी ताणलेले छत या सर्वांना क्षणात भोके पडतात. मागे बांधलेली हवा भरलेली डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करण्याची लहान होडी, तर अशा ठिणगीच्या सरळ वाटेत असते. राख साठवावी लागते, ओलसर हवेत कोळसा दमट होतो आणि मग पेटवण्यासाठी रॉकेल किंवा तत्सम द्रव वापरण्याचा मोह होतो. असा द्रव बोटीवर आणूच नये. ज्यांना कोळसाच हवा आहे त्यांनी दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या कॉब या शेगडीसारख्या दुहेरी भिंतीच्या शेगडीचा विचार करावा. तिच्यात दाबून बनवलेल्या कोळशाचे मूठभर लहान ठोकळे मधल्या बंदिस्त टोपलीत जळतात आणि बाहेरचा भाग फारसा तापत नाही. तरीही ती उघड्या डेकवरच वापरायची असते आणि तिच्यातूनही विषारी वायू निघतो, हे विसरू नये.

विजेचा बार्बेक्यू धक्क्याची वीज उपलब्ध असेल तर उत्तम काम देतो. युरोपातील मरिनांमध्ये, म्हणजे खासगी बोटी बांधून ठेवण्याच्या बंदरांमध्ये, बहुधा 230 व्होल्टची आणि 16 अँपिअरची जोडणी असते, म्हणजे सुमारे 3.6 किलोवॅट. दोन किलोवॅटची शेगडी त्यावर सहज चालते, मात्र त्याच वेळी पाणी तापवण्याचे यंत्र व वातानुकूलन चालू असेल तर फ्यूज उडतो. नांगरावर असताना हिशेब पूर्ण बदलतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरमार्फत दोन किलोवॅट घ्यायचे तर बॅटरीतून 180 अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढला जातो, आणि अर्ध्या तासात सुमारे 90 अँपिअर-तास संपतात. 200 अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली नेऊ नये, असा सर्वसाधारण नियम आहे. याचा अर्थ एका जेवणात तिची वापरण्याजोगी जवळजवळ सारी शक्ती खर्च होईल. मोठी लिथियम बॅटरी असलेल्यांनाच हा मार्ग परवडतो.

स्वयंपाकघरात आपण रोज गॅस वापरतो. बोटीवर त्याचे एवढे भय कशासाठी?

एलपीजी, म्हणजे प्रोपेन व ब्युटेन यांचा द्रवरूप वायू, हवेपेक्षा जड असतो. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट आणि ब्युटेन सुमारे दुप्पट जड असतो. घरात गळलेला गॅस जमिनीलगत पसरतो आणि उंबऱ्यावरून, दाराच्या फटीतून बऱ्याच अंशी बाहेर जाऊ शकतो. बोटीला तळाशी दार नसते. पाणी आत येऊ नये म्हणून जे भांडे जलाभेद्य केले आहे त्यातून गॅसही बाहेर पडू शकत नाही, आणि तो पायऱ्यांवरून उतरत उतरत सर्वांत खालच्या पोकळीत, ज्याला बोटीवरील लोक बिल्ज म्हणतात तेथे, साचतो. बिल्जमध्येच पाणी उपसणाऱ्या पंपाचा आपोआप चालू होणारा खटका असतो आणि शेजारी इंजिनाची स्टार्टर मोटर असते. ठिणगी पडायला एवढे पुरे होते.

प्रमाण किती लागते, तेही पाहू. हवेत प्रोपेन सुमारे 2.1 टक्के झाला की मिश्रण पेट घेऊ शकते. एक किलो प्रोपेन वायुरूपात सुमारे 540 लिटर जागा व्यापतो, म्हणजे त्यापासून जवळजवळ 25 घनमीटर ज्वलनशील मिश्रण तयार होऊ शकते. लहान बोटीची सगळी केबिन त्यात येते. अर्ध्या किलोहून कमी गॅस असलेला हातात मावणारा सिलिंडरही म्हणूनच खेळण्यासारखा समजू नये. गॅसला दिलेला उग्र वास आपल्याला सावध करतो खरा, पण तो नाकापर्यंत पोहोचायला हवा, आणि गॅस तर पायांखाली जमा होत असतो. म्हणून केबिन असलेल्या बोटीवर बिल्जमध्ये गॅस ओळखणारा अलार्म बसवणे योग्य ठरते.

मग सिलिंडर ठेवायचा कोठे?

बाहेर, किंवा खास गॅससाठी केलेल्या कप्प्यात. लहान बोटींवरील गॅस-व्यवस्थेसाठी आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 10239 आहे आणि अमेरिकेत एबीवायसी या संस्थेचे ए-1 हे मानक पाळले जाते. दोन्हींचा गाभा सारखा आहे. कप्पा बोटीच्या आतील भागापासून पूर्णपणे बंद असावा, त्याचे झाकण फक्त वरून आणि उघड्या हवेत उघडावे, आणि तळाशी असे छिद्र असावे की गळलेला गॅस नळीवाटे थेट बोटीबाहेर, पाण्याच्या पातळीच्या वर, वाहून जावा. त्या नळीचे तोंड खिडकी, हवेचा झरोका किंवा इंजिनाच्या खोलीची जाळी यांपासून किमान अर्धा मीटर दूर असावे. नळीला मध्येच पाणी साचेल असा बाक नसावा, कारण साचलेले पाणी गॅसची वाट अडवते. जुनी बोट विकत घेताना हे छिद्र कपड्याच्या बोळ्याने किंवा कचऱ्याने बुजलेले नाही ना, हे स्वतः पाणी ओतून पाहावे.

लहान सुटे सिलिंडर वापरणाऱ्यांची नेहमीची चूक अशी की, पेटवलेला सिलिंडर कठड्याबाहेर असतो आणि राखीव दोन सिलिंडर केबिनमधल्या पलंगाखाली असतात. त्या राखीव सिलिंडरांच्या झडपाही खाऱ्या हवेत गंजतात आणि हळूहळू गळतात. एकदा जोडून काढलेला अर्धवट सिलिंडर तर नव्यापेक्षा अधिक संशयास्पद मानावा. सर्व सिलिंडर कप्प्यात, किंवा कप्पा नसल्यास कठड्याबाहेर अडकवलेल्या, तळाला हवा खेळती राहील अशा पिशवीत उभे ठेवावेत.

निरनिराळ्या देशांतील सिलिंडर एकमेकांना जोडता येतात का?

सहसा नाही, आणि जुगाड करून जोडूही नयेत. अमेरिकेतील बोटींवर 465 ग्रॅम प्रोपेनचा एकदाच वापरायचा हिरवा सिलिंडर सर्रास दिसतो. कॅलिफोर्नियात 2028 च्या प्रारंभापासून अशा टाकाऊ सिलिंडरांच्या विक्रीवर बंदी येत असून त्यांची जागा पुन्हा भरता येणारे सिलिंडर घेतील. भूमध्य समुद्रात कँपिंगॅझचा निळा, 2.75 किलोचा 907 क्रमांकाचा सिलिंडर सगळीकडे बदलून मिळतो. भारतात घरगुती सिलिंडर 14.2 किलोचा असतो, तो बोटीच्या कप्प्यात मावत नाही आणि घराबाहेरच्या वापरासाठी तो दिलेलाही नसतो. पाच किलोचा लहान सिलिंडर त्यातल्या त्यात सोयीचा आहे. बार्बेक्यू परदेशातून मागवला असेल तर त्याचा रेग्युलेटर आणि नळी भारतीय झडपेला बसेल अशी अधिकृत विक्रेत्याकडून आधी करून घ्यावी, मगच पहिला पदार्थ जाळीवर ठेवावा.

ब्युटेन साधारण शून्य अंशाला, तर प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो. कोकण किनाऱ्यावर या फरकाने काही बिघडत नाही. स्कॉटलंड किंवा नॉर्वेत थंडीत बोट चालवणाऱ्यांना मात्र ब्युटेनची ज्योत मरगळलेली दिसेल, आणि तेथे प्रोपेनच घ्यावा.

बार्बेक्यू बोटीवर नेमका कोठे बसवावा?

मागच्या कठड्यावर, शक्यतो कोपऱ्यात, आणि भांडे पाण्याच्या वर राहील अशा रीतीने बाहेरच्या बाजूला. यामागे एक साधे कारण आहे. नांगरावर असलेली बोट आपले तोंड वाऱ्याकडे करून उभी राहते. त्यामुळे धूर, ठिणग्या, वास आणि गळलाच तर गॅसही मागच्या मागे पाण्यावर निघून जातो. चरबी ठिबकली तर ती सागवानी डेकवर पडत नाही. शिवाय मागच्या बाजूला कॉकपिट, म्हणजे बसण्याची व सुकाणूची उघडी जागा, जवळ असल्याने भाजणारा माणूस सुरक्षित उभा राहू शकतो.

हा नियम जेथे भरती-ओहोटीचा प्रवाह जोरदार असतो तेथे फसतो, आणि आपल्या वाचकांपैकी अनेकांची बोट नेमकी अशाच पाण्यात असते. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. एवढे पाणी आत-बाहेर करताना जो ओढ तयार होतो, तो बोटीला वाऱ्याऐवजी पाण्याच्या दिशेने वळवतो. वारा आणि प्रवाह परस्परविरुद्ध असतील तर बोटीची मागची बाजू वाऱ्याकडे होते आणि सारा धूर, ठिणग्यांसह, कॉकपिटमध्ये व तेथून उघड्या दारातून केबिनमध्ये शिरतो. म्हणून पेटवण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहावी. जेवणाच्या मध्यावर ओढ फिरणार असेल तर जेवणच तासभर मागे-पुढे करावे. मांडवी किंवा झुआरी नदीत फरक कमी असला तरी नदीचे पाणी वाहतच असते, तेव्हा तेथेही हा अंदाज घ्यावा.

बसवताना आणखी काही गोष्टी पाहाव्यात. मागच्या दोराचा ताण, जीवनकडे, आपत्कालीन बाहेर पडण्याची शिडी आणि डिंगीचे इंजिन जेथे टांगलेले असते ती जागा टाळावी. डिंगीच्या इंजिनाची पेट्रोलची टाकी बार्बेक्यूजवळ असणे ही मी सर्वांत गंभीर चूक मानतो. पेट्रोलची वाफही हवेपेक्षा जड असते आणि गॅसइतकीच सहज पेटते. डिंगी जेवण होईपर्यंत बोटीच्या बाजूला किंवा पुढे नेऊन बांधावी. पकड कठड्याच्या नळीच्या व्यासाशी तंतोतंत जुळली पाहिजे. बहुतेक कठडे 25 मिलिमीटर व्यासाचे असतात, परंतु 22 आणि 30 मिलिमीटरचेही आढळतात, आणि रबराचे तुकडे कोंबून सैल पकड घट्ट करण्यात शहाणपण नाही. मासेमारीच्या बोटींवर गळाची काठी खोचण्याच्या नळीत बसणारा खांब मिळतो. तो सोयीचा असतो, मात्र नळी आणि खांब यांत खेळ राहिल्यास बार्बेक्यू गोल फिरू लागतो. बसवून झाल्यावर रिकाम्या बार्बेक्यूला हाताने जोरात हलवून पाहावे. कठड्यासह सगळे डगमगत असेल तर दोष कठड्याच्या पायातील बोल्टांचा असतो.

कोणत्या धातूचा बार्बेक्यू टिकतो?

शक्य असेल तर 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि त्यामुळे मिठातील क्लोराइडने पडणाऱ्या सूक्ष्म खड्ड्यांना ते अधिक चांगला प्रतिकार करते. बाजारातील बहुतेक बोटींचे बार्बेक्यू मात्र 304 दर्जाचे असतात, आणि नियमित गोड्या पाण्याने धुतले तर तेही अनेक वर्षे काम देतात. त्यांच्यावर येणारे तपकिरी डाग सुरुवातीला केवळ पृष्ठभागावरचे असतात. विक्रेता चुंबक लावून दाखवत असेल तर त्यातून 304 आणि 316 यांतील फरक कळत नाही, कारण दोन्ही जवळजवळ अचुंबकीय असतात. चुंबक घट्ट चिकटला तर मात्र ते यांपैकी कोणतेच नाही, एवढे नक्की.

भांड्यापेक्षा स्क्रू, बिजागरी आणि बर्नर आधी दगा देतात. खरेदीच्या वेळी बर्नर, जाळी आणि पेटवण्याचे बटण यांचे सुटे भाग मिळतात का, हे विचारावे. भाग मिळत नसतील तर स्वस्त बार्बेक्यूही महाग पडतो.

आकार केवढा असावा, आणि गॅस किती लागेल?

चार माणसांसाठी साधारण 35 ते 40 सेंटीमीटर व्यासाची जाळी पुरते. मोठा बार्बेक्यू कठड्यावर जास्त भार टाकतो आणि वाऱ्यात त्याचे झाकण शिडासारखे वारा धरते.

गॅसचा हिशेब सोपा आहे. लहान बार्बेक्यूचा बर्नर ताशी नऊ हजार बीटीयूच्या आसपासचा, म्हणजे सुमारे 2.6 किलोवॅटचा असतो. एक किलो प्रोपेनमधून जवळजवळ 13 किलोवॅट-तास उष्णता मिळते. म्हणजे पूर्ण आचेवर ताशी सुमारे 200 ग्रॅम गॅस जळतो, आणि 465 ग्रॅमचा सिलिंडर दोन तासांहून थोडा अधिक चालतो. प्रत्यक्षात आच मध्यम असते, त्यामुळे एका सिलिंडरात तीन-चार जेवणे होतात. सिलिंडरमधील शिल्लक गॅस पाहण्यासाठी तो तोलून पाहावा. माशांचा लहान तराजू यासाठी चालतो.

बोट चालू असताना भाजता येईल का?

नाही. शिडाची बोट कलते, आणि कललेल्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव गॅस बाहेर येऊन ज्वाला फुटभर उसळू शकते. इंजिनाच्या बोटीवर मागे फिरणारी हवा धूर आणि ठिणग्या परत कॉकपिटमध्येच ओढून आणते.

पाऊस आला तर बार्बेक्यू छताखाली किंवा केबिनच्या दाराशी घ्यावा का?

घेऊ नये. विझलेलाही घेऊ नये. कोळसा राख धरून काळा पडला तरी तो कित्येक तास कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला धरून ठेवते. तंबूत आणि बोटींच्या केबिनमध्ये उबेसाठी शेगडी आत घेतल्याने माणसे झोपेत मरण पावली आहेत, आणि ब्रिटनमधील कालव्यांवरच्या बोटींसाठी असलेली बोट सेफ्टी स्कीम याबद्दल वारंवार इशारे देत असते. बोटीवरील खास अडचण अशी की या विषबाधेची पहिली लक्षणे, म्हणजे डोकेदुखी, मळमळ आणि चक्कर, बोट लागण्याच्या लक्षणांसारखीच असतात. एकापेक्षा अधिक लोकांना एकाच वेळी केबिनमध्ये असे वाटू लागले, तर सर्वांनी लगेच बाहेर मोकळ्या हवेत यावे. बोटीसाठी अलार्म घेताना त्यावर ईएन 50291-2 हे मानक छापलेले आहे का, ते पाहावे. घरगुती अलार्मसाठीचा भाग निराळा आहे.

गॅसचा बार्बेक्यूही ताडपत्रीने चारी बाजूंनी बंद केलेल्या कॉकपिटमध्ये वापरू नये. पाऊस आला तर भाजणे थांबवावे आणि उरलेला पदार्थ आतल्या तव्यावर करावा.

पेटवण्याची योग्य पद्धत कोणती?

आधी केबिनच्या मागच्या खिडक्या आणि झरोके बंद करावेत. सिलिंडर जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे आले तर तेथे गळती आहे. काडी लावून गळती शोधणारे लोक अजूनही भेटतात. त्यांच्या बोटीपासून दूर नांगर टाकावा. कायम बसवलेल्या गॅस-व्यवस्थेत दाबमापक असल्यास सिलिंडर उघडून पुन्हा बंद करावा, आणि सर्व शेगड्या बंद असताना काटा किमान तीन मिनिटे जागचा हलतो का, ते पाहावे.

झाकण उघडे असल्याखेरीज बर्नर पेटवू नये. बंद झाकणाखाली साचलेला गॅस एकदम भडकतो आणि भुवया जाळतो. पहिल्या प्रयत्नात ज्योत आली नाही तर गॅस बंद करून पाच मिनिटे थांबावे. भाजणाऱ्याने सैल नायलॉनचे जॅकेट घालू नये आणि लांब चिमटा वापरावा. जेवण झाल्यावर आधी सिलिंडरची झडप बंद करावी, नळीतील गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यावी, आणि मग बार्बेक्यूचा खटका बंद करावा. असे केल्याने नळीत गॅस उरत नाही.

चरबीने आग भडकली तर काय करावे?

सिलिंडर बंद करावा, झाकण लावावे आणि ते उघडण्याची घाई करू नये. पाणी मारू नये. तापलेल्या तेलात पडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तिचे आकारमान सुमारे सतराशे पट वाढत असल्याने पेटते तेल चहूकडे उडते. आग-विरोधी चादर आणि अग्निशामक हाताशी असावेत, मात्र बार्बेक्यूच्या मागे नव्हे, कारण ते घेण्यासाठी ज्वालेवरून हात न्यावा लागता कामा नये. त्यांची जागा बोटीवरील प्रत्येकाला, मुलांनाही, निघण्यापूर्वीच दाखवावी.

बहुतेक भडके तबकडीत साठलेल्या कालच्या चरबीमुळे होतात. प्रत्येक वापरानंतर ती रिकामी करणे हाच त्यावरचा उपाय आहे.

बोटीवर काय भाजावे, आणि मसाल्याचे काय?

घट्ट मांसाचे मासे सर्वांत सोयीचे. सुरमईचे जाड तुकडे, हलवा, कुपा आणि कोलंबी जाळीवर नीट उलटता येतात. पापलेट अखंड भाजताना दोन जाळ्यांच्या मधली पकड वापरावी, नाही तर अर्धा मासा जाळीला आणि उरलेला अर्धा समुद्राला जातो. बांगडा तेलकट असल्याने स्वतःच्याच चरबीत सुरेख भाजतो. गोव्याचा रेशाद मसाला भरलेला बांगडा तर बार्बेक्यूसाठीच बनला असावा. मात्र त्याची चरबी ठिबकते आणि भडका उडतो, म्हणून आच कमी ठेवावी.

बांगडा आणि कुपा यांबाबत एक काळजी विशेष घ्यावी. हे मासे उन्हात राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होते, आणि ते भाजल्याने किंवा शिजवल्याने नष्ट होत नाही. चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगावर गांधी उठणे ही त्याची लक्षणे आहेत. मासा गळाला लागल्यापासून जाळीवर जाईपर्यंत बर्फातच असला पाहिजे. चिकन घेतले तर त्याच्या आतील तापमान 74 अंश सेल्सिअस झाल्याशिवाय वाढू नये. बोटीवर प्रकाश कमी असतो आणि रंगावरून अंदाज चुकतो, म्हणून खिशातला तापमापक जरूर बाळगावा.

मसाल्याचे वाटण घरीच लावून, हवाबंद डब्यात घालून आणावे. पातळ, तेलकट वाटण टाळावे. ते ठिबकून जळते आणि चवही देत नाही. दह्यातील घट्ट वाटण बोटीवर अधिक बरे. हळदीबद्दल परदेशातील बोटीच्या मालकांनी तक्रार केली तर ती रास्त समजावी, कारण फायबरग्लासवरील पांढऱ्या गुळगुळीत थराला, म्हणजे जेलकोटला, आणि उघड्या सागवानाला तिचा डाग लगेच बसतो. डाग पडलाच तर साबणाने धुऊन तेथे ऊन लागू द्यावे. हळदीचा रंग सूर्यप्रकाशात फिका होतो, तेलाचा डाग मात्र उरतो. वांगी, मक्याची कणसे, ढोबळी मिरची आणि पनीर हे शाकाहारी मंडळींसाठी चांगले पर्याय आहेत. त्यांचा क्रम माशांच्या आधी लावावा, म्हणजे जाळीवरून वाद होणार नाहीत.

मरिनात किंवा भाड्याच्या बोटीवर बार्बेक्यूची परवानगी असते का?

प्रत्येक ठिकाणी विचारावे. धक्क्याला बोटी खेटून उभ्या असतात, वारा कोणत्याही बाजूने येतो आणि तुमची ठिणगी शेजाऱ्याच्या शिडावर पडते, म्हणून अनेक मरिना कोळशाला सरसकट मनाई करतात आणि काही ठिकाणी उघड्या ज्वालेलाच बंदी असते. नियम नसला तरी मी धक्क्याला बांधलेल्या बोटीवर गॅसही पेटवत नाही. ऑस्ट्रेलियात उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे जाहीर होणारी संपूर्ण आगबंदी पाण्यावरील बोटींनाही लागू होऊ शकते, त्यामुळे तेथे त्या दिवसाची सूचना वाचूनच ठरवावे.

भाड्याच्या बोटीवर बार्बेक्यू आधीच बसवलेला असेल तर ताबा घेतानाच सिलिंडर, नळी आणि पकड तपासून त्यांचे फोटो काढावेत. नसेल तर स्वतःचा घेऊन जाण्यापूर्वी करारातील विम्याचे कलम वाचावे. मुंबईत काही तासांसाठी बोट भाड्याने घेणाऱ्यांनी स्वतःची शेगडी आणू नये. बोटीवरील तांडेलाला विचारून शिजवलेलेच अन्न नेणे सर्वांच्या सोयीचे होते.

राख, तेल आणि उरलेले अन्न समुद्रात टाकले तर चालते का?

राख आणि तेल मुळीच चालत नाही. जहाजांवरील कचऱ्यासंबंधीचा मारपोल कराराचा पाचवा परिशिष्टभाग 1 जानेवारी 2013 पासून सुधारित स्वरूपात लागू आहे आणि तो खासगी बोटींनाही लागू होतो. त्यानुसार राख, स्वयंपाकाचे तेल आणि प्लास्टिक समुद्रात टाकण्यास मनाई आहे. अन्नाचे उरलेले तुकडे टाकण्यासही किनाऱ्यापासूनच्या अंतराच्या अटी आहेत, आणि बंदरात किंवा खाडीत नांगर टाकून जेवणाऱ्यांना त्या अटी पुऱ्या करता येत नाहीत. राख पूर्ण थंड झाल्यावर झाकणाच्या धातूच्या डब्यात भरावी आणि किनाऱ्यावर आणावी. पूर्ण थंड म्हणजे दुसऱ्या दिवशीची. रात्री थंड वाटलेल्या राखेत सकाळी निखारा सापडतो. रिकामे टाकाऊ सिलिंडरही परत आणावे लागतात आणि ते साध्या कचऱ्यात टाकता येत नाहीत.

वापरानंतर निगा कशी राखावी?

जाळी कोमट असतानाच खरवडावी. तारांचा ब्रश वापरल्यास त्याची सुटलेली तार जाळीला चिकटून अन्नात जाऊ शकते, म्हणून लाकडी पट्टी किंवा अर्धा कांदा अधिक चांगला. पोलादी काथ्याने स्टेनलेस स्टील घासू नये, कारण त्याचे कण पृष्ठभागात रुतून गंजतात. पूर्ण थंड झाल्यावर साबण व गोडे पाणी वापरावे, आणि पुसून कोरडे करावे. ओला बार्बेक्यू कापडी आवरणाखाली झाकला तर आत मिठाचे पाणी अडकते आणि उघडा ठेवण्यापेक्षा तो लवकर खराब होतो.

मोसमी पावसात बोट किनाऱ्यावर घेतली जाते, तेव्हा बार्बेक्यू कठड्यावरून काढून घरी न्यावा. बर्नरच्या छिद्रांमध्ये मीठ व कोळ्याची जाळी साचते. ती बारीक तारेने साफ करावीत. रबरी नळी वाकवून तिच्यावर भेगा दिसतात का ते पाहावे, आणि तिच्यावर छापलेली मुदत उलटली असेल तर ती दिसायला ठीक असली तरी बदलावी. नवी नळी घेताना रेग्युलेटरही सोबत न्यावा, म्हणजे दोन्हींचे तोंड दुकानातच जुळवून पाहता येते.